पोर्ट केलेल्या पोस्टपेड नंबरवर मागून आलेला एक्झिट चार्ज

ठाण्याहून तळेगावला राहायला आल्यावर घरात नेटवर्कची एकच काडी यायची आणि तीही गॅलरीत. कॉल मध्येच तुटायचे, ओटीपी उशिरा यायचे. एप्रिलमध्ये नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला. मे महिन्यात जुन्या कंपनीचे शेवटचे बिल आले आणि त्यात वापराच्या पैशांखाली एक ओळ होती : एक्झिट चार्जेस, 2,500 रुपये. जानेवारीत फोनवरून प्लॅन वाढवून घेतला होता, त्या प्लॅनला म्हणे सहा महिन्यांचे लॉक-इन होते, म्हणजे त्याआधी सोडला तर दंड. हा आकार शेवटी रद्द झाला. कुठे, कधी आणि काय मागायचे हे आधीच माहीत असते तर निम्मा त्रास वाचला असता, म्हणून सगळे क्रमाने लिहितो आहे. कंपनीचे नाव देत नाही. पद्धत सगळ्यांकडे सारखीच आहे.

आधी बिल कसे वाचायचे ते. प्लॅनचे मासिक भाडे 749 रुपये. बिलचक्र सुरू झाल्यापासून पोर्ट होईपर्यंत बारा दिवस, म्हणून प्रमाणशीर भाडे 299.60 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 353.53. एक्झिट चार्ज 2,500, जीएसटी 450, म्हणजे 2,950. एकूण 3,303.53. कनेक्शन घेताना भरलेली 500 रुपयांची अनामत त्यातून वजा करून ‘देय रक्कम 2,803.53’. इथे सहज नजरेतून सुटेल अशी गोष्ट म्हणजे अनामत कशात वळती झाली. एक्झिट चार्ज बाजूला काढला तर माझ्याकडून येणे फक्त 353.53 होते, म्हणजे उलट कंपनीनेच मला 146.47 द्यायला हवे होते. पुढच्या प्रत्येक पत्रात मी हाच आकडा लिहिला. ‘बिल चुकीचे आहे’ या तक्रारीला ठोकळेबाज उत्तर येते. ‘माझा हिशेब 146.47 परत असा आहे, तुमचा दाखवा’ म्हटले की कुणाला तरी बिल उघडून बघावे लागते.

ज्यांची अनामत नाही त्यांनी वापराची मान्य रक्कम लगेच भरून टाकावी. बहुतेक ॲपमध्ये आणि यूपीआयच्या बिलभरणा विभागात पूर्ण रकमेऐवजी हवी ती रक्कम टाकता येते. ‘पोर्ट करूनही शेवटचे बिल भरले नाही’ अशी नोंद झाली की जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून चालू नंबरची सेवा थांबवायला लावू शकते, नंबर कायमचा बंदही होऊ शकतो. पोर्टिंगच्या नियमांतच ही सोय आहे. वाद फक्त दंडाचा आहे, वापराच्या पैशांचा नाही, हे कागदावर दिसायला हवे.

दुसरे तातडीचे काम ऑटो-पे. कार्डावर किंवा यूपीआयवर मँडेट दिलेले असेल तर वादग्रस्त रक्कमही आपोआप कापली जाते, आणि गेलेले पैसे परत मिळवणे हे न भरलेले पैसे माफ करून घेण्यापेक्षा कितीतरी कठीण. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी कपात होण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. पण त्या सूचनेची वाट कशाला बघायची? पोर्टची विनंती टाकली त्याच दिवशी मँडेट रद्द करावे.

तिसरे काम पोर्ट होण्याआधीच उरकायचे असते. नंबर गेला की जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन बंद होते. सगळी जुनी बिले, प्लॅनचा तपशील, ‘तुमचा प्लॅन बदलला आहे’ हा एसएमएस आणि स्वागताचा ईमेल आधीच उतरवून ठेवावा. पुढे सगळी भिस्त या कागदांवर राहिली. जानेवारीतल्या एसएमएसमध्ये नवे भाडे, डेटा आणि सुरू होण्याची तारीख होती. लॉक-इनबद्दल अक्षर नव्हते. खाली एक लिंक होती, ती कंपनीच्या सर्वसाधारण अटींच्या पानावर जायची, आणि त्या पानावर ‘निवडक प्लॅनना मुदतपूर्व बाहेर पडल्यास आकार लागू’ एवढेच मोघम वाक्य. रक्कम नाही, प्लॅनचे नाव नाही. त्या पानाची तारीख दिसेल अशी प्रत पीडीएफमध्ये जतन केली. अशी पाने कधी बदलतील ते सांगता येत नाही.

पहिली तक्रार. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2012 च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात : तक्रार केंद्र आणि त्याच्यावर अपिलीय प्राधिकारी. दोन्ही मोफत. तक्रार केंद्राचा क्रमांक 198, पण तो ज्या कंपनीचे सिम फोनमध्ये आहे तिच्याकडे लागतो. पोर्ट झाल्यावर 198 फिरवला तर नवी कंपनी उचलते आणि ‘आमच्याकडे तुमचे असे बिल नाही’ म्हणते, ते बरोबरही असते. जुन्या कंपनीचा दुसऱ्या नेटवर्कवरून लागणारा टोल-फ्री क्रमांक आणि ईमेल शोधावा लागतो. ट्रायच्या टीसीसीएमएस या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीची, प्रत्येक सर्कलची (म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागाची) ही माहिती आहे. सर्कल निवडताना जपून : मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हा भाग ‘मुंबई’ सर्कलमध्ये, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे वेगळे सर्कल. मी राहतो तळेगावात, पण वादातले कनेक्शन मुंबई सर्कलचे, म्हणून तक्रार आणि अपील दोन्ही मुंबईकडे. (याच कारणाने पोर्टलाही जास्त वेळ लागला. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, एका सर्कलमधून दुसऱ्यात पाच.)

फोनवर तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मागायचाच. तो एसएमएसनेही यायला हवा. हा क्रमांक नसेल तर पुढचे अपील उभे राहत नाही. माझ्या बाबतीत पहिल्या फोनवरच्या मुलीने शांतपणे ‘सर, हा व्हॅलिड चार्ज आहे’ म्हणून समजावले आणि फोन ठेवला. डॉकेट नाही. म्हणजे त्यांच्या लेखी ती ‘चौकशी’ झाली, तक्रार नव्हे. पुन्हा फोन करून पहिल्याच वाक्यात ‘मला बिलिंगची तक्रार नोंदवायची आहे, डॉकेट क्रमांक द्या’ म्हटले. त्यानंतर तोच मजकूर ईमेलनेही पाठवला, विषयाच्या ओळीत डॉकेट क्रमांक घालून.

तक्रारीत तीन मागण्या होत्या. एक, एक्झिट चार्ज जीएसटीसह रद्द करावा. दोन, अनामतीतली उरलेली रक्कम परत करावी. तीन, लॉक-इनला मी संमती दिल्याचा पुरावा द्यावा, म्हणजे प्लॅन बदलताना केलेल्या कॉलचे रेकॉर्डिंग, किंवा सही अथवा ओटीपीसह भरलेला अर्ज. तिसरी मागणी सर्वांत कामाची. रेकॉर्डिंग सहसा देत नाहीत, पण ‘मागितले आणि दिले नाही’ ही नोंद पुढे उपयोगी पडते.

बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरून चालावे. मला उत्तर त्याआधीच आले, दोन ओळींचे : आकार प्लॅनच्या अटींनुसार योग्य आहे, तक्रार बंद केली आहे. पुराव्याबद्दल काही नाही. मधल्या काळात पुढचे बिल आले, त्यात उशिराचा दंड 100 रुपये आणि जीएसटी 18. म्हणजे येणे 2,921.53. असे बिल आले की त्यावरही त्याच डॉकेटखाली हरकत नोंदवायची. नाहीतर मूळ आकार माफ होतो आणि 118 रुपयांची शेपटी मागे राहते.

तक्रार ‘बंद’ झाल्याचा एसएमएस आला की पुष्कळ जण थकून पैसे भरतात. वास्तविक खरी सुनावणी त्यानंतर सुरू होते. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत अपील करायचे. ते ईमेलने, पोस्टाने किंवा प्रत्यक्ष देता येते, शुल्क नाही. अपिलाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. ते एका सल्लागार समितीपुढे जाते, ज्यात कंपनीचा एक आणि ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचा एक सदस्य असतो. निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. प्राधिकारी कंपनीचाच माणूस, मग उपयोग काय, असे मलाही वाटत होते. उपयोग होतो, कारण इथे उत्तर लेखी आणि मुद्देसूद द्यावे लागते, आणि पुढे ग्राहक आयोगात ते वाचले जाणार हे त्यांना माहीत असते.

अपिलातला मुख्य मुद्दा मात्र पहिल्या तक्रारीत नव्हता. पोर्टिंगचे नियम वाचताना तो सापडला. नंबर पोर्ट करायला आपण 1900 वर ‘पोर्ट’ आणि नंबर असा एसएमएस करतो आणि आठ अक्षर-अंकांचा यूपीसी येतो. हा कोड कुणालाही, केव्हाही मिळत नाही. डिसेंबर 2019 पासून लागू असलेल्या पद्धतीत कोड तयार होण्याआधी जुन्या कंपनीकडून काही अटींची पडताळणी होते : कनेक्शनला 90 दिवस झाले आहेत का, निघालेल्या बिलाची थकबाकी आहे का, मालकीबदल चालू आहे का, न्यायालयात वाद आहे का. आणि या यादीतच एक अट अशी : ग्राहक करारात बाहेर पडण्याचे कलम असेल तर त्याप्रमाणे करारातल्या जबाबदाऱ्या पूर्ण झालेल्या असाव्यात. त्या झालेल्या नसतील तर कोड मिळत नाही.

मला कोड मिळाला होता, तोही लगेच. तेव्हा अपिलात एवढेच विचारले : लॉक-इनचे कलम माझ्या करारात होते की नव्हते? नसेल, तर आकार कशाचा? असेल, तर एप्रिलमध्ये पोर्टिंग यंत्रणेला ‘ग्राहकाकडे असे काही बाकी नाही’ हे कशाच्या आधारे कळवले, आणि तसे कळवल्यावर मे महिन्यात तेच बाकी कसे निघाले? सोबत 1900 कडून आलेला कोडचा एसएमएस तारखेसह जोडला. हा एसएमएस पुसू नका. कोड चार दिवसांत निरुपयोगी होतो, पण पुरावा म्हणून त्याचे मोल पुढेच कळते.

हा मुद्दा प्रत्येकाला लागू होईल असे नाही. पोर्ट न करता नंबर नुसता बंद केला असेल तर कोडचा प्रश्नच येत नाही. तिथे संमतीचा पुरावा आणि दंडाचा आकार यांवरच लढावे लागते. भारतीय करार कायद्याचे कलम 74 असे सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळू शकते, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. फोन किंवा राउटर सवलतीत दिला असेल तर कंपनी नुकसान दाखवू शकेल. नुसत्या सिमवर दर महिन्याचे भाडे आगाऊ ठरलेले असताना ती कोणते नुकसान दाखवणार?

लॉक-इनमध्ये अडकलेल्यांसाठी याच ओघात आणखी एक सांगण्यासारखे. ट्रायच्या दरविषयक आदेशानुसार प्लॅनचा दर सहा महिने वाढवता येत नाही. हे बंधन कंपनीवर आहे. ग्राहक त्या सहा महिन्यांतही त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लॅनमध्ये जायला मोकळा असतो. फोनवरचे प्रतिनिधी हे उलटे करून सांगतात, ‘ट्रायचा सहा महिन्यांचा नियम आहे’ म्हणून. तसा नियम असल्यास त्याचा क्रमांक लेखी मागावा. फोन पलीकडून शांत होतो.

अपील चालू असतानाचे दिवस सर्वांत कटकटीचे गेले. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, सकाळी ऑफिसच्या बसमध्ये, दुपारी जेवताना. ‘तुमच्या घरी माणूस येईल’, ‘सिबिल खराब होईल’, ‘वकिलाची नोटीस निघाली आहे’. 2,800 रुपयांसाठी एवढे ऐकून घेण्यापेक्षा भरून टाकू, असे एकदा नव्हे, बऱ्याचदा मनात आले, आणि घरच्यांचेही तेच म्हणणे होते. शेवटी एक ठरलेले वाक्य तयार केले : ‘रक्कम वादग्रस्त आहे, अपील क्रमांक अमुक, तुमच्या एजन्सीचे नाव आणि कंपनीचे अधिकारपत्र ईमेलने पाठवा.’ वाद घालायचा नाही, वाक्य संपले की फोन ठेवायचा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत. अधिकारपत्र कधीच आले नाही.

मग व्हॉट्सॲपवर लोक अदालतीची नोटीस आली, वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव, खाली तारीख आणि वेळ. ती बघून पोटात गोळा येतो. पण ही दाखलपूर्व तडजोडीची नोटीस असते. कंपन्या हजारो थकीत ग्राहकांची यादी देतात आणि सर्वांना एकच मसुदा जातो. हा खटला नाही. तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, संमती नसेल तर प्रकरण तिथेच थांबते. गेलात तर एक लक्षात असू द्या : लोक अदालतीत सही केलेल्या तडजोडीवर अपील नसते. ‘निम्मे भरा, मिटवून टाका’ म्हणतात तेव्हा आपला हिशेब हातात हवा. मी गेलो नाही. अपील प्रलंबित असल्याचे पत्र, क्रमांकासह, प्राधिकरणाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. तिथल्या लिपिकाने पत्र वाचून शिक्का मारला, एवढेच.

त्याच सुमारास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. मराठीत बोलता येते, शुल्क नाही, आणि तक्रार कंपनीच्या वेगळ्या कक्षाकडे जाते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती पाठपुरावा करते. पण फोनवर भेटणाऱ्या लोकांपेक्षा त्या कक्षातल्या लोकांच्या हातात जास्त असते. दूरसंचार विभागाच्या सार्वजनिक तक्रार कक्षाकडेही जाता येते, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरून. मात्र तिथे कंपनीच्या दोन्ही पायऱ्या झाल्या का हे विचारतात. ट्रायला थेट लिहून फारसे होत नाही. व्यक्तिगत तक्रारी सोडवणे हे ट्रायचे कामच नाही, पत्र कंपनीकडे पाठवले जाते.

अपिलाचा निकाल मुदतीच्या अखेरीस आला. ‘ग्राहकहिताचा विचार करून’ एक्झिट चार्ज माफ. कोडच्या मुद्द्यावर होय-नाही काहीच नाही, चूक मान्य नाही. त्याचे मला फारसे वाटले नाही. पण निकालात रक्कम 2,500 लिहिली होती. जीएसटीचे 450 आणि उशिराच्या दंडाचे 118 यांचा उल्लेख नव्हता. लगेच उत्तर पाठवले : मूळ आकारच रद्द झाला तर त्यावरचा कर आणि विलंब आकार उभा राहू शकत नाही, तेव्हा 3,068 रुपयांची क्रेडिट नोट द्या. 2,921.53 येणे वजा केल्यावर 146.47 मला परत. माफीची रक्कम खात्यात जमा करायला एका आठवड्याची मुदत आहे. ती उलटल्यावर अपिलाचाच क्रमांक टाकून आठवण दिली, तेव्हा क्रेडिट नोट आली. 146.47 रुपये बँक खात्यात यायला आणखी वेळ गेला, कारण त्यांनी रद्द केलेल्या धनादेशाची प्रत मागितली आणि ती पाठवल्यावर पुन्हा मागितली.

अपील फेटाळले असते तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. ‘टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत’ असे अजून कुणी सांगितले तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये तो प्रश्न ग्राहकांच्या बाजूने निकाली काढला आहे. मसुद्यात एक काळजी घ्यायची : 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही वेगळी तरतूद आहे, अवाजवी दंड तिच्यातच बसतो, पण ती तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगात न्यावी लागते. जिल्ह्यात जायचे तर ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या शब्दांत मांडणी करावी. मुंबई-ठाण्याकडच्यांना मुंबई ग्राहक पंचायतीकडून मसुद्यासाठी मार्गदर्शन मिळू शकते.

पैसे मिटल्यावरही दोन कामे उरतात. कंपनीकडून ‘नो ड्यूज’ पत्र मागायचे, त्यात मोबाइल क्रमांकाबरोबर खाते क्रमांकही हवा, कारण नंबर आता दुसऱ्या कंपनीकडे आहे आणि जुन्या कंपनीची नोंद खाते क्रमांकावर असते. आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट बघायचा. दूरसंचार कंपन्याही थकबाकी कळवतात. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देतात, आणि नोंद एकीकडे असून दुसरीकडे नसते, म्हणून चारही उघडावेत. माझ्या एका अहवालात 2,921 ची थकबाकी दिसत होती. संस्थेच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवून क्रेडिट नोट आणि नो ड्यूज पत्र जोडले. अशी दुरुस्ती 30 दिवसांत व्हायला हवी, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते. ती वेळ आली नाही, नोंद मुदतीत निघाली.